संकासुराचा शेवट कोण लिहितो?

१

दलित साहित्याच्या चर्चेत 'प्रतिकार' हा शब्द आज इतका स्वस्त झाला आहे की त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याची गरजच कुणाला वाटत नाही. नायकाने हात उगारला की प्रतिकार झाला, नायकाने मार खाल्ला की पराभव झाला, अशी एक ढोबळ मोजपट्टी आपण मान्य करून टाकली आहे. प्रस्थापित समीक्षेला ही मोजपट्टी सोयीची आहे. तिच्या आधारे मार खाणाऱ्याची कथा 'नुसता आक्रोश' म्हणून बाजूला सारता येते आणि हात उगारणाऱ्याची कथा 'नुसता प्रचार' म्हणून. पण हीच मोजपट्टी आपले विद्यार्थी, आपले कार्यकर्ते आणि आपल्यातले समीक्षकही वापरू लागतात, तेव्हा तिची तपासणी करणे भाग पडते.

मी सिंधुदुर्गातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा वर्गात घेतली की मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो : "सर, तेना मार कित्याक खाल्ल्यान?" विचारणारा मुलगा बहुधा आपल्याच वस्तीतला असतो. त्याच्या आवाजात राग असतो आणि थोडी लाजही असते. आपला माणूस गावात मार खातो तो खातोच, निदान पुस्तकात तरी त्याने तो खाऊ नये, असे त्याला वाटते. 'हे वास्तव आहे' एवढ्या उत्तराने त्याचे समाधान होत नाही, आणि होऊही नये.

दोन बरोबरीची माणसे भिडली तर कोणी किती ठोसे दिले याचा हिशेब करता येतो. परंतु हल्ला करणारा संख्येने मोठा आहे, जमीन त्याची आहे, पाणवठा त्याचा आहे, पाटील त्याचा आहे आणि वर धर्मग्रंथही त्याचाच आहे, अशा ठिकाणी ठोशांच्या हिशेबाला काय अर्थ उरतो? बलवानाचे बळ केवळ त्याच्या दंडात नसते. घडून गेल्यावर ते कसे घडले हे सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो, आणि तिथे त्याचे मोठे बळ असते. मारतो तो, आणि का मारले हेही जगाला तोच सांगतो. म्हणून दुबळ्याच्या बचावाची परीक्षा करताना त्याने उलट मारले की नाही, याच्या आधी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे. या प्रसंगाचा शेवट कोणाच्या हातात राहिला? हा प्रश्न मी आमच्या भागातल्या दशावतारापासून सुरू करतो, कारण बलाढ्य देवापुढे उभ्या राहिलेल्या एका दुबळ्याचा वध इथले लोक पिढ्यान्पिढ्या पाहत आले आहेत.

२

मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी या पट्ट्यात कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की देवळादेवळांतून रात्रभर दशावतार चालतो. लोक त्याला धयकालो म्हणतात. लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली असते, संवाद मात्र पात्रे उभ्या उभ्या रचतात. साथीला पखवाज, झांज आणि पायपेटी. पूर्वरंगात गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, मोरावर बसलेली सरस्वती येते, भटजी येतो आणि मग काळ्या पोशाखातला संकासुर येतो. त्याने वेद पळवलेले आहेत. ते सोडवायला विष्णू येतो, युद्ध होते आणि संकासुर मारला जातो. नंतर मुख्य आख्यान सुरू होते. अलीकडे हा पूर्वरंग पुष्कळदा आटोपता घेतात, परंतु संकासुराची वाट पाहणारा प्रेक्षक अजून आहे.

या संकासुराला 'विनोदी पात्र' म्हणून सोडून देण्याची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. दशावतारात देव, राजे आणि ऋषी संस्कृतप्रचुर, अलंकारिक मराठी बोलतात. संकासुर मालवणी बोलतो. तो भटजीची टर उडवतो, समोर बसलेल्या मानकऱ्यांना चिमटे काढतो, गावातल्या ताज्या भानगडी भर मांडावर मांडतो. ज्यांना वेद ऐकण्याचासुद्धा अधिकार नव्हता त्यांच्या बोलीत बोलणारा हा माणूस वेदच उचलून घेऊन जातो, ही घटना केवळ हसून सोडण्यासारखी नाही. चोरी कसली, तर ज्ञानाची. बागुलांच्या कथेतल्या नायकाने जात 'चोरली', संकासुराने वेद 'चोरले'. जे आपल्यापासून हिरावले गेले ते आपण घेतले की त्याला चोरी म्हणतात, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

संकासुराजवळ शंख नाही, चक्र नाही. त्याच्याजवळ फक्त जीभ आहे. स्वतःहून अनेक पटींनी मोठ्या शक्तीपुढे तो त्या जिभेने उभा राहतो, आणि काही काळ रंगभूमीवर देवापेक्षा तोच मोठा दिसतो. एखादा चांगला नट असेल तर घटकाभर तरी विष्णूला बोलण्याची संधी मिळत नाही. दुबळ्याचे हे एक खरे शस्त्र आहे. बलवान माणसाला मार सोसतो, हसू सोसत नाही.

पण पुढे काय होते? पुढे संकासुर मरतो. काल मेला, आज मेला, उद्याच्या जत्रेतही मरेल. बोलण्याची त्याला पूर्ण मोकळीक आहे, कारण शेवट आधीच ठरलेला आहे. संवाद नटाच्या हाती, शेवट परंपरेच्या हाती, असा हा करार आहे. व्यवस्थेने दिलेले हे परवानगीचे हसू आहे. एका रात्रीसाठी ते उसने मिळते आणि पहाटेपूर्वी परत घेतले जाते.

माझी आजी सांगे, तिच्या तरुणपणी आमच्या वाडीतली माणसे दशावतार पाहत ती देवळाच्या आवाराबाहेर, गडग्याच्या पलीकडे बसून. तिथून चेहरे नीट दिसत नसत, आवाज तेवढा येई. देवाचे बोलणे कळत नसे, संकासुराचे कळे. त्यावर ती पोटभर हसत. आणि तो मेला म्हणजेही हसत. आजी हे सांगताना स्वतःही हसायची. आपल्या भाषेत बोलणारा एकुलता एक माणूस मारला जातो आणि आपण हसतो, कारण तो मरणार हे आपल्याला जन्मापासून ठाऊक असते. सांस्कृतिक गुलामगिरी म्हणतात ती याहून वेगळी काय असते? पुढे १९८० साली गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ने मालवणी मुंबईच्या रंगभूमीवर नेली आणि तिला मोठा लौकिक मिळवून दिला, हे खरेच. परंतु त्या लौकिकातही मालवणी ही हसवणारी बोली म्हणूनच पक्की झाली. रडण्याची, जाब विचारण्याची, साक्ष देण्याची बोली म्हणून तिची ओळख अजून व्हायची आहे.

३

हा शेवट बदलण्याचा पहिला मोठा प्रयत्न महात्मा फुले यांनी केला. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या 'गुलामगिरी'त जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून त्यांनी दशावतारांची एकेक कथा उलटी वाचली. मत्स्य हा देव नव्हे, तर मचव्यांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरलेल्या टोळीचा नायक. शंखासुर हा राक्षस नव्हे, तर त्या किनाऱ्यावरचा मूळ धनी. मालवण किंवा वेंगुर्ल्याच्या बंदरावर उभे राहून हे वाचताना वाचक चमकतो, कारण ज्याचा वध आपण देवळात पाहतो तो फुल्यांच्या मांडणीत आपल्याच किनाऱ्याचा माणूस ठरतो. त्याहून महत्त्वाचे असे की फुले वधापाशी थांबत नाहीत. शंखासुराचे लोक उलटून चाल करतात आणि हल्लेखोरांना पळता भुई थोडी करतात, असे त्यांच्या कथेत पुढे येते. म्हणजे फुल्यांनी पात्र बदलले नाही, प्रसंग बदलला नाही. त्यांनी कथा एक पाऊल पुढे नेली आणि शेवट दुसऱ्याच्या हातून काढून घेतला.

येथे कुणी म्हणेल, हा इतिहास नव्हे. मान्य आहे. आर्य बाहेरून आले आणि त्यांनी मूळच्यांना जिंकले हा सिद्धान्त स्वतः बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ च्या ग्रंथात नाकारला आहे, आणि तोच ग्रंथ त्यांनी महात्मा फुल्यांना अर्पण केला आहे. या दोन गोष्टींत मला विसंगती दिसत नाही. फुल्यांचे निष्कर्ष सोडूनही त्यांची दृष्टी घेता येते. ती दृष्टी अशी की मारलेल्याच्या बाजूने कथा वाचली पाहिजे. मराठीतली बहुजन समीक्षा इथे सुरू होते असे माझे मत आहे. 'गुलामगिरी'ला मी इतिहासाच्या कपाटात ठेवत नाही, समीक्षेच्या कपाटात ठेवतो.

मात्र कागदावर शेवट बदलणे ही एक गोष्ट आणि रस्त्यावर बदलणे ही दुसरी. ती पाहण्यासाठी आपल्याला याच कोकणात, पण उत्तरेकडे, महाडला जावे लागते.

४

महाडची हकीकत आपल्याला पाठ आहे, आणि म्हणूनच तिचा एक भाग आपण नीट पाहत नाही. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० तारखेला परिषदेतून निघालेली मिरवणूक चवदार तळ्यावर गेली आणि बाबासाहेबांसह सर्वांनी पाणी घेतले. हे पाणी कायद्याने खुलेच होते. १९२३ चा बोले ठराव आणि त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ साली केलेला ठराव, असे दोन कागद मागे उभे होते. मग वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य घुसणार अशी हूल उठली आणि जमावाने मंडपात जेवत असलेल्या, रस्त्याने दोघे-तिघे मिळून परतत असलेल्या माणसांवर लाठ्या चालवल्या. कित्येकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला.

आता पाहण्यासारखा भाग येतो. परिषदेला आलेल्यांत पलटणीतून पेन्शनीत निघालेले महार शिपाई होते. कोकणातल्या महारांची लष्करी परंपरा जुनी होती. गोपाळबाबा वलंगकर पलटणीतले, बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदारही पलटणीतले. ही माणसे लढाई पाहिलेली होती. त्यांना हात उगारता येत नव्हता असे नाही. बाबासाहेब डाक बंगल्यावर होते आणि त्यांच्या एका शब्दाची वाट पाहत ही माणसे धुमसत उभी होती. तो शब्द त्यांनी दिला नाही. हात आवरा, असेच सांगितले.

याला भ्याडपणा म्हणायचे काय? की याला अहिंसेचे तत्त्वज्ञान म्हणायचे? माझ्या मते दोन्ही नव्हे. ही बळाची मोजणी होती. त्या संध्याकाळी महाडात कदाचित बरोबरीचा सामना झालाही असता. पण परिषद संपवून माणसे आपापल्या गावी परतायची होती, आणि तिथे प्रत्येक गावात ती मूठभर होती. शिवाय उलट हात उगारला असता तर दुसऱ्या दिवशी 'दंगा' एवढाच शब्द उरला असता. हल्ला कोणी केला हे कुणी विचारले नसते. हात आवरल्यामुळे हल्लेखोर हा हल्लेखोरच राहिला. खटला झाला, आणि जूनमध्ये पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. आपल्या माणसाला मारले म्हणून सवर्ण तुरुंगात गेला, ही गोष्ट त्या काळी केवढी होती याची कल्पना आज करता येणार नाही.

बलवानांनी आपला शेवट लिहिण्याचा प्रयत्न केलाच. एकशे आठ घागरी पंचगव्य ओतून त्यांनी तळे 'शुद्ध' केले. दशावतारातल्या वधासारखाच हा विधी होता. झाले ते झालेच नाही असे त्यातून म्हणायचे होते. डिसेंबरात दुसऱ्या परिषदेच्या वेळी दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम आणून त्यांनी वाट अडवली. बाबासाहेबांनी हुकूम मोडला नाही. त्यांनी २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृतीचे दहन केले, म्हणजे लाठीला उत्तर न देता लाठीला बळ देणाऱ्या ग्रंथालाच उत्तर दिले. आणि तळ्याचा दावा लढवत नेला तो १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल देईपर्यंत. हल्ला २० मार्च १९२७ चा. दहा वर्षांना तीन दिवस कमी. मार एका संध्याकाळचा होता, त्याचा शेवट लिहायला दहा वर्षे लागली. पण तो आपल्या हाताने लिहिला गेला.

बलाढ्याविरुद्धचा बचाव म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला मराठी मुलखात दिसत नाही. दलित कथा-कादंबरी वाचताना हे उदाहरण मनाशी धरले पाहिजे.

५

अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ ची. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. तलवारीच्या नायकाची कादंबरी लेखणीला का अर्पण व्हावी, हा प्रश्न आपण विचारीत नाही. आपण फकिराचा घोडा आणि तलवार पाहतो आणि खूष होतो. फकिरा लढतो, उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो, इंग्रज सरकारला जेरीस आणतो, हे सर्व आहेच. परंतु कादंबरीच्या अखेरीस सरकार त्याची माणसे ओलीस धरते आणि फकिरा स्वतः होऊन हजर होतो. ठोशांच्या हिशेबाने ही हार आहे. माझ्या प्रश्नाच्या हिशेबाने तसे नाही. सरकारला फकिराची शिकार हवी होती. फकिराने शिकार होण्याचे नाकारले आणि आपल्या माणसांच्या सुटकेची किंमत म्हणून स्वतःला ठेवले. देह सरकारच्या हाती गेला, शेवटाचा अर्थ मात्र त्याच्याच हाती राहिला. हे ध्यानात न घेता 'फकिरा'ला केवळ वीरगाथा म्हणणे म्हणजे ती अर्धी वाचणे होय.

आता बागुलांच्या कथेकडे येतो. हा संग्रह १९६३ चा. रेल्वेतल्या नोकरीसाठी परमुलखात गेलेला नायक जात लपवतो. तो सुशिक्षित आहे, कविमनाचा आहे, नव्या भारताची स्वप्ने पाहणारा आहे. त्याच ठिकाणी काशीनाथ सपकाळ आहे. तो जात लपवत नाही, अरेला कारे करतो, वेळ आली तर चाकू काढतो. नायकाची जात उघडकीस येते, जमाव त्याच्यावर तुटून पडतो आणि काशीनाथ येऊन त्याला सोडवतो. मागच्या बाकावरच्या माझ्या विद्यार्थ्याला काशीनाथ आवडतो, आणि ते बरोबर आहे. काशीनाथ नसता तर कथा सांगायला नायक जिवंत राहिला नसता. हे विसरून कुणी सहनशीलतेचे गोडवे गाऊ लागला तर त्याला काशीनाथ दाखवावा.

परंतु बागुलांनी कथा काशीनाथाच्या तोंडून सांगितलेली नाही. ती मार खाणाऱ्याच्या तोंडून सांगितली आहे. आणि अखेरीस हा मार खाल्लेला माणूस मारणाऱ्या हातांकडे बोट दाखवत नाही, त्या हातांना शिकवणाऱ्या मनूकडे दाखवतो. अंगावर वळ असताना शत्रूचे नाव अचूक घेणे ही सोपी गोष्ट नाही. काशीनाथाने देह वाचवला, नायकाने अर्थ वाचवला. या कथेला दोन्ही माणसे लागतात, आणि 'चाकू की शब्द' असा वाद आपण घालतो तेव्हा बागुलांनी एकत्र ठेवलेले आपण उगाच फोडतो.

१९६६ साली अमेरिकेत ओकलंड येथे ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला तेव्हा त्याच्या पूर्ण नावात 'स्वसंरक्षणासाठी' हे शब्द होते. त्या तरुणांच्या खांद्यावर बंदूक होती, हे सर्वांना आठवते. ते पोलिसांसमोर उभे राहून कायद्यातली कलमे मोठ्याने म्हणून दाखवत, हे फारसे कुणी सांगत नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती कवी आणि कथाकारांच्या पुढाकाराने, हाही योगायोग नव्हे. १० जानेवारी १९७४ च्या मोर्चात वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव हा तरुण मारला गेला. उंचावरून दगड टाकणाऱ्याशी खालचा माणूस मुठीने लढू शकत नाही. तो दगड आला कुठून, हे त्याने लिहून ठेवावे लागते.

६

आतापर्यंत बाईचा उल्लेख आला नाही. दुबळ्याहून दुबळी ती, कारण तिच्यावर हल्ला करणारा बाहेर असतो तसा घरातही असतो. या बाबतीत कोकणाने मराठीला दिलेला ग्रंथ म्हणजे उर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३). रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याची ही कहाणी. सूप-टोपल्या विणून मुले वाढवणारी विधवा आई तिच्या केंद्रस्थानी आहे.

त्यात एक प्रसंग आहे. शाळेत या मुलीला शेण काढायला सांगतात, ती नाकारते, मास्तर तिला मारतो. आई हे ऐकून घेते. मास्तर रस्त्याने जाताना दिसताच, हातातले आयदान बाजूला ठेवून ती त्याला हटकते आणि चारचौघांसमोर जाब विचारते. तिची ताकद मोजा. विधवा, अस्पृश्य, हातावर पोट. समोर शिकलेला, पगारदार, वरच्या जातीचा पुरुष. शाळेत जाऊन ती भांडली असती तर शाळेच्या चार भिंतींत ती हरली असती. तिने रस्ता निवडला. रस्त्यावर साक्षीदार असतात. आणि तिने जे सांगितले ते शिव्याशाप नव्हते. मी राबते ती या मुलांनी शिकावे म्हणून, हे तिने त्याला ऐकवले. त्यानंतर मुलीला शेण काढायला सांगणे बंद झाले.

संकासुरही भर मांडावर बोलतो आणि ही आईही भर रस्त्यावर बोलते. दोघांचे शस्त्र जीभच. मग फरक कुठे पडला? संकासुराला बोलण्याची जागा व्यवस्थेने दिली होती, आईने ती स्वतः घेतली. संकासुराच्या बोलण्यावर लोक हसले, आईच्या बोलण्यावर कुणाला हसता आले नाही. संकासुराच्या बोलण्याने उद्याच्या खेळात काही बदलत नाही. आईच्या बोलण्याने दुसऱ्या दिवशीची शाळा बदलली. 'आयदान'ची चर्चा स्त्रीवादाच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. बचावाचा ग्रंथ म्हणूनही तो वाचायला हवा, विशेषतः आपल्या मुलींनी.

७

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो, आणि तो टाळून चालणार नाही. न्यायालय, साक्ष, लेखणी यांवर एवढा भरवसा ठेवायचा, तर खैरलांजीचे काय? २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातील त्या गावात एका कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली. त्या घरातल्या बाईने मारहाणीच्या एका प्रकरणात साक्ष दिली होती. म्हणजे तिने कायद्याचीच वाट धरली होती, आणि त्याचा सूड तिच्यावर उगवला गेला. पुढे २००८ साली आठ जण दोषी ठरले, पण जातीय अत्याचाराचा कायदा त्या न्यायालयाने लागू धरला नाही. शिक्षा झाली, मात्र हल्ल्याचे खरे नाव निकालात आले नाही.

हा आक्षेप मी मान्य करतो, आणि त्यातूनच माझे म्हणणे अधिक पक्के होते असे मला वाटते. खैरलांजीने दाखवले ते असे की एकट्याची साक्ष ही साक्ष देणाऱ्याच्या जिवावर बेतते. महाडला हात आवरणाऱ्यांच्या मागे परिषद होती, संघटना होती, वकील होता, वृत्तपत्र होते. त्याच काळात समता सैनिक दलही आकाराला आले. हात आवरणे हे संघटित माणसांचे शस्त्र आहे. एकट्या माणसाला 'कायदा हातात घेऊ नकोस' असे सांगणारे आपण त्याच्या दारात उभे राहणार आहोत काय, हे आधी सांगितले पाहिजे. जीव वाचवण्यापुरता उलट हात उगारण्याचा अधिकार कायद्यानेही दिलेला आहे. पूर्वीच्या भारतीय दंडविधानात तो होता, २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही आहे. पण आपल्या माणसाने तो वापरला की त्याच्यावरच उलटी फिर्याद होते, हे कोणत्याही तालुक्यातला कार्यकर्ता सांगेल. म्हणून काशीनाथाला साक्षीदार हवेत, आणि साक्षीदाराला काशीनाथ हवा.

दुसरी गोष्ट अशी की निकालात जातीचे नाव आले नाही, म्हणून ते साहित्यात आले पाहिजे. न्यायालयाने शेवट अर्धा लिहिला असेल तर उरलेला अर्धा कोणी लिहायचा? इथे दलित साहित्य हे दुःखाचे प्रदर्शन राहत नाही, ते चालू खटल्यातली पुरवणी साक्ष होते. तिची भाषा कधी खडबडीत असते, तिची रचना कधी विस्कळीत असते. साक्ष देणाऱ्याची भाषा तशीच असते. ती घोटीव नाही म्हणून नाक मुरडणाऱ्या समीक्षकाने आपण कोणाच्या बाजूने बसलो आहोत हे तपासावे.

८

आपल्या समीक्षेपुढचे काम मला असे दिसते. प्रतिकाराच्या नावाखाली केवळ उगारलेले हात मोजणे थांबवले पाहिजे. प्रत्येक कृतीत हल्ला कोणी केला, त्याला नाव कोणी दिले, जागा कोणी निवडली आणि अखेरीस कथा कोणाच्या तोंडी राहिली, हे पाहिले पाहिजे. या कसोटीवर आपल्या काही गाजलेल्या आरोळ्या फिक्या पडतील. कारण त्यांत शत्रूला शिव्या पुष्कळ आहेत पण शेवट मात्र शत्रूनेच लिहिलेला आहे. त्या संकासुराच्याच जातीच्या आहेत, बोलण्याची परवानगी मिळालेल्या. आणि काही मुकाट वाटणाऱ्या कृती, मार खाल्लेल्या माणसांच्या, या कसोटीवर उभ्या राहतील.

संकासुराला टाकून द्यावे असे मात्र मी म्हणणार नाही. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला, हे आपण केलेले आहे. सिंधुदुर्गात दशावतार करणारी तरुण मुले आज महाविद्यालयांत आहेत, त्यांत आपल्या वाड्यांतलीही आहेत. संवाद उभ्या उभ्या रचायची कला त्यांच्या अंगात आहे. उद्या एखाद्या रात्री संकासुराने विष्णूला विचारले, की वेद मी चोरले म्हणतोस, तर ते मुळात माझ्यापासून लपवले कोणी, आणि उत्तर मिळेपर्यंत तो मांडावरून हललाच नाही, तर त्या नाटकाचे काय करायचे हे गावाला ठरवावे लागेल.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी हल्ली एवढेच सांगतो : त्याने मार खाल्ला खरा, पण ही गोष्ट तुला सांगतोय कोण ते बघ. मारणाऱ्यांपैकी कुणीही सांगत नाही. तोच सांगतो आहे.